गुलालाच्या दोन गोळ्या

गेल्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, वैरागजवळच्या ज्वारीच्या रानात माझ्या भाचीने रिमोटवर चालणाऱ्या गाडीतून स्वतःच्या वडिलांवर दोन गोळ्या झाडल्या. गोळ्या गुलालाच्या होत्या. पहिली आपल्याला लागली नाही, असे वडिलांनी तेव्हा सांगितले. दुसरी शेजारच्या तात्यांच्या डोक्यावर फुटली. याला साक्षीदार आहेत.

भाचीचे वडील म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणते, बहिणीला अक्का. दाजी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन शेती करू लागले. मी सोलापुरात एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करते. दाजी आणि मेहुणी यांच्यात जी चेष्टा चालते ती आमच्यातही चालते. आमच्या पेपरात खरी असते ती फक्त तारीख, असे ते पाहुण्यांसमोर सांगतात. त्यांच्या लढायांची संख्या दर दिवाळीला वाढते, असे मी सांगते.

भाची इंजिनिअरिंगला होती आणि शिक्षणासाठी जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर राहत होती. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तिने आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक गाडी बांधली. सहा चाके, मधे बॅटरी, वर फिरणारी नळी आणि नळीच्या बाजूला कॅमेरा. नळीतून हवेच्या दाबाने लिंबाएवढी गोळी बाहेर पडायची. चालवणारा लांब, एखाद्या खोलीत, पडद्यासमोर बसायचा. सैन्यासाठी अशा गाड्या खऱ्या बंदुका लावून केल्या जातात. ही त्यांची गरीब बहीण होती. रात्री तिच्यावर सोलापुरी चादर घातलेली असे.

इमारतीने या संशोधनाकडे आपापल्या परीने पाहिले. सोसायटीच्या अध्यक्षांनी ही गाडी ओला आणि सुका कचरा वेगळा करू शकेल का, अशी विचारणा केली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ती पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेवर स्कूटर लावणाऱ्यांसाठी हवी होती. वॉचमनने गाडीला रोज सकाळी नमस्कार करायला सुरुवात केली. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “नळी माझ्याकडंच वळलेली असती की मॅडम.”

कॉलेज संपल्यावर काही महिन्यांनी पुण्याजवळच्या एका कंपनीने भाचीला नोकरी देऊ केली. कंपनी अशाच गाड्या बनवते, आणि त्यांवरच्या बंदुका गुलाल उडवत नाहीत. भाचीने हे पत्र दाजींना फोनवर वाचून दाखवले आणि त्याच दमात म्हणाली, “अप्पा, तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. ज्यांच्यासाठी हे बनवायचं त्यांच्यातल्या एकाला तरी पटलं पाहिजे.”

मी शेजारीच बसले होते. वडील हो म्हणतील अशी खात्री असल्यावर माणूस ज्या सुरात बोलतो, तो सूर होता. पलीकडून आधी गुरांच्या घंटा ऐकू आल्या. मग दाजी म्हणाले, “मी सोलापूरला येतो. डोळ्याच्या डाक्टरकडं यायचंच हाय.”

ते आले, डोळे तपासून घेतले आणि दुपारी माझ्याकडे जेवायला बसले. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याची भाजी होती. खाली जाऊन त्यांनी गाडी आधीच पाहिली होती. चादर उचलून, वाकून, चाकात बोट घालून. मत मात्र दिले नव्हते. जेवताना भाचीनेच विषय काढला.

“अप्पा, सांगा की. कशी वाटली?”

“चाकं बरी हायत.”

“चाकांचं नाही विचारलं.”

दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांच्या एका चौकीसमोर रस्त्याखालून पाणी वाहून जाण्यासाठी सिमेंटची मोठी नळी होती, असे त्यांनी सांगितले. एका सकाळी त्या नळीत काहीतरी ठेवलेले दिसले. बघायला कुणाला तरी पाठवणे भाग होते. “पाठवणारा मी होतो. जो गेला तो आला न्हाय. त्या दिवशी असलं डबडं हाताशी असतं तर मी डबडं पाठवलं असतं. ते मी न्हाय म्हणत न्हाय.”

दाजींच्या आठवणी मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. ही पूर्वी कधी सांगितली नव्हती आणि तिच्यात एकही विशेषण नव्हते.

“मग झालं की,” भाची म्हणाली.

“न्हाय झालं. बघायला जाणं येगळं, मारायला जाणं येगळं. ह्या गाडीला बंदूक कशाला?”

“जो गेला त्याच्या हातात बंदूक नव्हती?”

“होती.”

“मग गाडीला का नको?”

“त्याला भीती होती. गाडीला भीती न्हाय.”

“तेच तर चांगलं आहे. घाबरलेला माणूस घाईनं गोळी मारतो. समोर बाई आहे का पोर आहे, बघत नाही. मी लांब खोलीत बसलेली असले तर माझ्या जिवाला काही होत नाही. मी थांबू शकते, दोनदा बघू शकते. गाडी गेली तर गेली, दुसरी येईल.”

दाजींनी ताटातली चटणी बोटाने एका बाजूला सारली. हा मुद्दा त्यांना लागला होता, हे उघड होते.

“घाबरलेला घाई करतो, व्हय,” ते म्हणाले. “पण घाबरलेला थांबतोबी. समोरच्याच्या तोंडाकडं बघून थांबलेली माणसं मी बघितल्यात. आणि दुसरी येईल म्हणतीस ना, ज्याला वाटतं दुसरी येईल, तो कुटंबी घुसतो. मग रोजच घुसतो.”

मी दोघांना ताक वाढले. मत विचारले गेले नाही, मी दिले नाही.

“बोलून काय व्हायचं न्हाय,” दाजींनी शेवटी निकाल दिला. “हुरड्याला घेऊन ये तुझी तोफ. रानात मी दुश्मन. मला उडवलंस तर जा पुण्याला. पण रानात आपलीबी माणसं असतील. त्यातल्या एकाला जरी लागलं, तर न्हाय.”

“एकाला जरी?”

“एकाला जरी. लढाईत दुश्मन एकटा नसतो. त्याच्या शेजारी कुणीतरी भाकरी भाजत असतं.”

भाचीने हात पुढे केला. दाजींनी उष्ट्या हाताने हात मिळवला. कराराला मी साक्षीदार होते.

गोळ्यांत काय भरायचे, यावर पुढचे काही दिवस विचार झाला. नीळ कपड्यांतून निघत नाही, हळद ज्वारीच्या पिकल्या पानात दिसत नाही. गुलाल लांबून दिसतो आणि झटकला की जातो, म्हणून गुलाल ठरला. पातळ कागदात गुलाल भरून भाचीने माझ्या ओट्यावर गोळ्या वळल्या. त्या आठवड्यात आमच्याकडे पोह्यांवरही थोडा रंग आला होता.

आम्ही निघालो तो दिवस गावच्या शेती सोसायटीच्या निवडणुकीच्या मतमोजणीचा होता, हे आम्हाला वाटेत कळले. टेम्पोच्या मागे चादरीखाली गाडी होती. वैरागच्या अलीकडे एका हवालदाराने टेम्पो थांबवून चादर उचलली.

“ही काय तोफ का?”

“कॉलेजचा प्रोजेक्ट आहे,” भाची म्हणाली.

“उडवती काय?”

“गुलाल.”

हवालदाराने नळीत डोकावले, वास घेतला आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. “कुठल्या पॅनेलनं मागवली?”

“कुठल्याच नाही हो.”

“सांगू नका. पण निकालाच्या आधी उडवू नका म्हणावं, भांडणं हुत्यात.” त्याने चादर स्वतः नीट घातली आणि आम्हाला जाऊ दिले.

रानाची मांडणी सांगायला हवी. एका टोकाला दाजींची वस्ती, म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. समोर मोकळी जागा आणि लिंबाखाली हुरडा भाजायची आगटी. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. त्यापुढे ज्वारीचे रान, माणसाच्या डोक्यावर जाणारे. रानातून बैलगाडीपुरती एक वाट बांधापर्यंत जाते. बांधाच्या पलीकडे तात्यांचे शेत.

तात्या सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते. त्यांना हुरड्याचे आमंत्रण होते, पण ते आले नव्हते. ते मतमोजणीला तालुक्याला गेले असावेत, असे सगळ्यांनी धरून चालले. कुणी फोन करून विचारले नाही. त्यांचा फोन बंद होता, हे नंतर समजले. बंद लागला असता तर शंका आली असती, पण कुणी लावलाच नाही.

दाजींनी नियम पुन्हा एकदा मोठ्याने सांगितले. आपली माणसे आगटीभोवती राहतील: अक्का, भावकीतल्या दोन बायका आणि त्यांचे नवरे. रानात फक्त दुश्मन. अक्काने विचारले, “दुश्मन जेवणार हाय का न्हाय? कणसं आत्ताच भाजू का मागून?” दाजी म्हणाले, “मेल्यावर जेवतो.” अंगावर घोंगडी घेऊन ते ज्वारीत शिरले आणि पाने हलायची थांबली. ते साठीच्या पुढे आहेत. तरीही कुठून गेले हे आम्हाला सांगता आले नसते.

भाची आतल्या खोलीत पडद्यासमोर बसली आणि मी तिच्या शेजारी. यापुढचे काही मी पडद्यावर पाहिले आहे, काही ऐकले आहे आणि काही दोन्ही बाजूंच्या जबाबांवरून लिहिते आहे.

गाडी वाटेने आत गेली. पडद्यावर पाने, पाने आणि पाने दिसत होती. भाचीने नळी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. चेहरा शांत होता. थांबून दोनदा बघणारी माणसे अशीच दिसत असावीत. मग पडदा गोठला. एकच पान, एकाच जागी.

“सिग्नल गेला,” ती म्हणाली. “ज्वारीची ताटं फार दाट आहेत.”

“मग गाडी थांबली का?”

 उत्तर बाहेरून आले. अक्का ओरडत होती, “अगं ए, थांबव की ती! ज्वारीत घुसली! पार आडवी केली की गं!” सिग्नल जाण्यापूर्वी गाडीला मिळालेला शेवटचा हुकूम ‘पुढे’ असा होता आणि ती तो पाळत होती.

“सिग्नल गेला की थांबली पाहिजे होती,” भाची पुटपुटली. “पार्किंगमध्ये कधी गेलाच नव्हता.”

थोड्या वेळाने पान हलले. गाडी वाट सोडून बरीच आत गेली होती. पण याच चुकीने ती दाजींच्या मागे पोहोचली होती. समोर, ताटांच्या बुडाशी, घोंगडी दिसत होती. घोंगडीची मागची कड वर उचललेली होती आणि खालच्या अंधारात काहीतरी होते. भाची पुढे झुकली. दगड असेल, ताटांवर टाकलेली नुसती घोंगडी असेल, दाजींचा सापळा असेल. तिने खरोखरच थांबून दोनदा पाहिले. मग बटण दाबले.

पडद्यावर गुलाबी धूर उठला. घोंगडी उडाली.

“लागला!” भाची खुर्चीतून उठली. “अप्पा मेले!”

बाहेर आगटीभोवतीच्या सगळ्या माना रानाकडे वळल्या. हे वाक्य रानात मोठ्याने ऐकू गेले होते.

तेवढ्यात ज्वारीतून दाजींचा आवाज आला. “न्हाय लागला! घोंगड्याला लागला! मी बाजूला हुतो!”

“खोटं आहे,” भाची मला म्हणाली. “घोंगडीखालीच होते.”

“पुरावा?” मी विचारले. सवयीने विचारले गेले.

ती परत बसली. आता तिचा चेहरा शांत नव्हता. तिने गाडी जोरात पुढे काढली. पडद्यावर एका क्षणी दाजी दिसले, अगदी जवळ, दोन्ही हात पसरून, हातात घोंगडी. त्यानंतर पडदा काळा झाला.

“टाकली कॅमेऱ्यावर!” ती म्हणाली. “पण समोरच आहेत. आत्ता होते की समोर.” आणि तिने बटण दाबले.

दाजींचा जबाब असा: कॅमेऱ्यावर घोंगडी टाकल्यावर त्यांनी गाडी मागच्या बाजूने धरली, उचलून वळवली आणि तिचे तोंड बांधाकडे केले. “हत्यार ताब्यात आलं की आदी त्याचं तोंड फिरवायचं. तिकडं कोण हुतं? रिकामं रान. मला काय ठाव?”

रान रिकामे नव्हते. बांधाच्या पलीकडे, इकडे पाठ करून, तात्या बसले होते. मतमोजणीचा ताण सहन न होऊन त्यांनी फोन बंद केला होता आणि सकाळपासून ते तिथे बसून होते. डोक्याला स्वच्छ धुतलेला पटका होता. गोळी त्या पटक्यावर फुटली.

आमच्या भागात माणसाच्या डोक्यावर मागून अचानक गुलाल पडला, तर त्याचा एकच अर्थ होतो. तात्यांनी वर पाहिले, पटक्याला हात लावला, हात बघितला. मग ते बांधावर चढले, दोन्ही हात जोडून डोक्यावर नेले आणि रानाला उद्देशून ओरडले, “आलं का? आलं का रं आपलं पॅनेल?”

आम्ही खोलीतून धावत बाहेर आलो तेव्हा ते वाटेने आगटीकडे येत होते. नाचत नव्हते, पण पाय सरळ पडत नव्हते. त्यांच्या मागून दाजी गाडी ओढत येत होते. थंडीमुळे त्यांनी घोंगडी पुन्हा अंगाभोवती गुंडाळली होती, असा आमचा समज झाला.

“वहिनी, पेढं न्हाईत तर गूळ द्या,” तात्या अक्काला म्हणाले. “किती मतानं आलो? आन् मोठ्या मनानं गुलाल टाकणारा कोण त्यो?”

भाची पुढे आली. “मी टाकला तात्या. म्हणजे, गाडीनं टाकला.”

“गाडी लावली? माझ्यासाठी?” तात्यांचे डोळे भरून आले. ते गाडीपाशी वाकले आणि तिच्या नळीला हात लावून तो स्वतःच्या छातीला लावला.

दाजींनी घसा साफ केला. “तात्या, तुमी मेलाय.”

“आँ?”

त्यांना करार समजावून सांगण्यात आला. तात्यांनी तो शांतपणे ऐकला आणि साफ फेटाळला. “मेलेला म्हणं! सुभेदार, गुलालानं कधी कोण मेलंय का? हा सत्कार हाय. पोरीनं सत्कार केला. तिला कुटं जायाचं हाय ते जाऊ द्या. मला काय लागलेलं न्हाय.”

“लागलं न्हाय म्हणता?”

“अजाबात न्हाय. फुलासारखं आलं.”

भाचीने वडिलांकडे पाहिले. अटीप्रमाणे कुणाला लागले तर परवानगी नाही. आणि ज्याला लागले तोच लागले नाही म्हणत होता. दाजी म्हणाले, “बघू. आदी निकाल कळू द्या.” तात्यांना फोन चालू करायला लावले.

फोन चालू होताच वाजला. तात्या लांब जाऊन बोलले. म्हणजे ऐकले. परत आले तेव्हा ते दुसऱ्या चालीने आले. त्यांचे पॅनेल पडले होते. सगळे पडले होते. त्यांना स्वतःला मिळालेली मते त्यांनी आम्हाला सांगितली नाहीत.

ते आगटीजवळ बसले, पटका काढला, झटकला. मग डोक्यावरून हात फिरवत थांबले.

“हितं टेंगूळ आलंय,” ते म्हणाले.

अक्काने आगटीतली कणसे उलटी केली.

“कानातबी आवाज येतोय. सुभेदार, हे खेळणं हाय का काय हाय? माणूस आपल्या बांधावर बसलेला, आन् मागनं मारता? डोळा फुटला असता म्हंजे?”

“तात्या, मगाशी फुलासारखं म्हणालात,” भाची म्हणाली.

“मगाशीचं मगाशी!”

मी त्यांना म्हणाले की त्यांचे दोन जबाब आहेत. पहिल्यात सत्कार झाला आहे आणि दुसऱ्यात हल्ला. कुठला धरायचा?

“दुसरा धर,” तात्या म्हणाले. “आन् पेपरात छापू नको कुठलाच.”

अक्काने त्यांच्यापुढे हुरड्याची पहिली रास ठेवली, गूळ ठेवला. ते गुलाल लागलेल्या हातानेच खाऊ लागले. टेंगूळ मी पाहिले. लहान होते, पण होते.

भाची गाडीजवळ गेली. तिने बॅटरीची वायर काढली, नळी खाली केली, चादर घातली. मग परत येऊन वडिलांसमोर उभी राहिली. “लागलंय त्यांना. ठरलं ते ठरलं. मी कळवते कंपनीला, येत नाही म्हणून.”

अटीप्रमाणे दाजी जिंकले होते. मी त्यांना पत्त्यांत जिंकताना पाहिले आहे, सोंगट्यांत जिंकताना पाहिले आहे आणि शेजाऱ्याशी बांधाच्या वादात जिंकताना पाहिले आहे. प्रत्येक वेळी ते किमान आठवडाभर बोलत असत. आता मात्र ते आगटीतल्या गोवऱ्या काठीने उगाच वर-खाली करत राहिले.

विस्तव चांगला पेटला होता. जवळ बसणाऱ्या बायकांनी पदर मागे सारले. तात्यांनी बंडीची बटणे काढली. दाजींच्या कपाळावर घाम आला होता आणि तरीही घोंगडी अंगावर होती. हे प्रथम अक्काच्या लक्षात आले. तिचा संसार त्यांच्याबरोबर झालेला आहे.

“काढा की ते घोंगडं. भाजून निघाल.”

“असू दे.”

“काढा म्हणते मी.” आणि तिने मागे जाऊन ओढलेच.

दाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मानेपासून खाली, तळहाताएवढा गुलाल होता. मधे गर्द आणि कडेला फिका, गोळी फुटते तसा.

“घोंगडं उचलताना लागला असंल,” दाजी म्हणाले.

“पाठीनं उचललं का घोंगडं?” अक्काने विचारले.

भावकीतल्या बायका हसू लागल्या. तात्यांनी हुरडा खाणे थांबवले. “म्हंजे सुभेदार, आदी तुमी मेला हुता?”

“लागलेला हुता. मेलो न्हवतो.”

“करारात ‘उडवलंस तर’ असं होतं,” मी आठवण करून दिली. “मेलेल्या माणसानं गाडी वळवली, असं लिहावं लागेल.”

“तू गप गं बातमीवाली!” ते माझ्यावर ओरडले आणि मग स्वतःच हसले, पण थोडेच. “मेलेला काय करत न्हाय. लागलेला करतो. लागलेला माणूस लई काय काय करतो. हे त्या तुझ्या पडद्यावर दिसत न्हाय, बाय.”

सगळ्यांनी भाचीकडे पाहिले. ती जिंकली होती. निदान हरली नव्हती. तात्यांनी आपली बाजू पुन्हा बदलायची तयारी केली, असे मला वाटले, कारण त्यांनी टेंगळावरचा हात काढला. पण भाची हसली नाही. ती दाजींच्या शेजारी खाली बसली.

“अप्पा, तुम्ही आधी मेला होतात म्हणून तात्यांना लागलेलं पुसत नाही. दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. काळा पडदा होता. तरी दाबलं. जिवाला भीती नव्हती. हरायची होती.”

दाजींनी भाजलेले कणीस हातावर चोळले, फुंकर मारून भूस उडवले आणि दाणे तिच्या हातात दिले.

“हे त्यांला सांगशील?”

“कुणाला?”

“नोकरी देणारांला. सिग्नल गेल्यावर गाडी कशी घुसली, घोंगडं टाकल्यावर काय झालं, कुणाला लागलं. सगळं.”

“घेणार नाहीत मग.”

“न घेऊ देत. हे सांगून घेतलं तर माझं व्हय. न सांगता गेलीस तर न्हाय.”

“आणि बंदूक?”

दाजींनी हातातले कणीस खाली ठेवले. “बंदूक मला अजूनबी पटलेली न्हाय. पण त्या रस्त्याखालच्या नळीत माणूस पाठवायला मी परत तयार न्हाय. ह्या दोन्हीतनं वाट मला सापडली न्हाय. तुला सापडती का बघ.”

“नळीत गेला त्यो कोण?” तात्यांनी विचारले. अक्काने त्यांच्यापुढे आणखी हुरडा ठेवला.

दुपारी आडवी झालेली ज्वारी कापून गुरांना घातली. तात्या जेवून गेले. त्यांच्या पटक्याचा गुलाल पूर्ण निघाला नव्हता आणि वाटेत भेटलेल्या दोघांनी त्यांचे अभिनंदन केले. ते त्यांनी स्वीकारले, असे त्या दोघांनी नंतर सांगितले. तात्यांनी याला दुजोरा दिलेला नाही.

फेब्रुवारीत भाची पुण्याला गेली. रुजू होण्याआधी तिने कंपनीतल्या अधिकाऱ्यांची भेट मागितली आणि रानात घडले ते क्रमाने सांगितले. ज्वारी, घोंगडी, तात्या, टेंगूळ. ऐकताना एक जण हसला, एकाने दार लावून घेतले. तिला बाहेर बसायला सांगण्यात आले. ती बराच वेळ बाहेर बसली आणि तेवढ्यात तिने मला फोन करून सोलापूरच्या परतीच्या गाड्या कधी आहेत, हे विचारले.

नंतर तिला आत बोलावले आणि कामावर घेतले. कॅमेरा झाकला गेला किंवा सिग्नल तुटला की गाडीने थांबावे आणि बंदूक कुलूपबंद व्हावी, यासाठी जो गट काम करतो त्यात तिची नेमणूक झाली. दाजींनी हे ऐकून घेतले आणि कुलूप लागायला किती वेळ लागतो, असे विचारले. तो वेळ अजून जास्त आहे, असे भाचीने त्यांना सांगितले. काम चालू आहे.